पेन चालतो, दाब लागत नाही: सात महिने वापरल्यावर

हा कॉम्प्युटरला जोडून चित्रं काढायचा टॅब्लेट; पेन जितका दाबाल तितकी रेघ जाड. ८१९२ दाबपातळ्या, बिनबॅटरीचा पेन वगैरे सगळं खोक्यावर छापलंय, ते परत सांगत नाही. रोज तीन-चार तास क्रिता या चित्रकलेच्या प्रोग्राममध्ये मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते. सात महिन्यांत दोन निबा झिजल्या, पेनाची बाकी तक्रार नव्हती.

मागच्या आठवड्यात ऐन घाईत दाब गेला. रेघ उमटते, पण सगळी एकाच जाडीची, खिळ्याने ओढल्यासारखी. कस्टमर केअरवाल्याचं एकच पालुपद: ड्रायव्हर काढा, परत टाका. ड्रायव्हर म्हणजे टॅब्लेट आणि कॉम्प्युटर यांना जुळवणारा प्रोग्राम, तो तीनदा टाकला. शेवटी म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटर फॉरमॅट करून बघा." ४२०० रुपयांच्या पाटीसाठी विंडोज पुसू?

इथपर्यंत रागात लिहिलं होतं आणि एक स्टार देऊन मोकळी होणार होते. मग आठवलं: दुसऱ्या कंपनीचा जुना टॅब्लेट भाचीसाठी त्याच आठवड्यात जोडला होता आणि त्याच्या ड्रायव्हरने अपडेट मागितलं, ते मी निमूट दिलं. दोन्ही ड्रायव्हर विनटॅबच्या (पेनाचा दाब प्रोग्रामपर्यंत पोचवायची जुनी पद्धत) एकाच नावाच्या फाइलवर हक्क सांगतात. मी नवा तीनदा टाकला, तरी जुना मागे चालूच. मग दोन्ही काढले, कॉम्प्युटर रीस्टार्ट केला, फक्त नव्याचा टाकला. क्रिताच्या टॅब्लेट सेटिंगमध्ये विनटॅबऐवजी विंडोज इंक, म्हणजे त्याच कामाची विंडोजची स्वतःची पद्धत, निवडलं, क्रिता बंद करून उघडलं. दाब हजर! म्हणजे जुना टॅब्लेट 'असू दे अडीनडीला' म्हणून ठेवण्याची हौस माझीच. पण "आधी दुसरा टॅब्लेट होता का?" एवढं विचारायला त्या माणसाचं काय जात होतं?

तरी चारच स्टार, आणि कापलेला एक केबलचा. बरोबर येते ती आखूड, आणि तिचं टोक सरळ, एल आकाराचं नाही. टॅब्लेट मांडीवर घेतला की ते पोटाला टोचतं, आणि सारखं वाकून सहाव्या महिन्यात सैल झालं. जरा हललं की कनेक्शन गेलं. ड्रॉवरमधली लांब केबल लावली तर टॅब्लेटचा दिवा लागला, पण कॉम्प्युटरला पत्ताच नाही. ती नुसती चार्जिंगची निघाली, आत डेटाच्या ताराच नाहीत. यूएसबी हबवर तर पेन अडखळतो, थेट कॉम्प्युटरलाच जोडा.

शेवटी १८० रुपये मोजून एल टोकाची डेटा केबल आणली. बिलाचा फोटो कंपनीला पाठवलाय. दोनदा.