मूळ कॉमिक पान कुणाकडून घ्यावं: चित्रकार, लिलावगृह की खासगी विक्रेता?

छापील कॉमिकच्या प्रती लाखांनी निघतात. ज्या कागदावर चित्रकाराची पेन्सिल आणि शाई प्रत्यक्ष फिरली तो कागद मात्र एकच. जानेवारी २०२२ मध्ये 'सीक्रेट वॉर्स'च्या आठव्या अंकातलं माईक झेक यांचं एक पान, स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचा उगम दाखवणारं, अमेरिकेत हेरिटेज या लिलावगृहात ३३ लाख ६० हजार डॉलरना गेलं. सगळी पानं अशा किमतीची नसतात, काही शे डॉलरमध्येही चांगलं पान मिळतं. पण बाजार तापला की चोरीचा मालही त्याच बाजारात उतरतो. प्रकाशकाच्या गोदामातून गेलेली, प्रदर्शनातल्या टेबलावरून उचललेली, टपालात 'हरवलेली' पानं रीतसर फ्रेम होऊन विकायला येतात आणि घेणाऱ्याला वरकरणी काही फरक दिसत नाही.

पहिलं महागडं पान घ्यायच्या बेतात असलेल्यांसाठी हा आढावा आहे. गुंतवणूक म्हणून पान बरं का, भाव वाढेल का, हे विषय मी बाजूला ठेवतो. प्रश्न एकच: उद्या खरा मालक समोर उभा राहिला, तर तुमच्या हातात काय उरेल?

कारण अमेरिकेतला मूळ नियम कडक आहे. चोराकडे मालकी नसते, म्हणून तो ती पुढे देऊ शकत नाही. वस्तूने दहा हात बदलले तरी दहावा माणूस मालक होत नाही. तुम्ही प्रामाणिक असाल, बाजारभावाने पैसे मोजले असतील, पावती जपली असेल, तरीही पान परत द्यावं लागू शकतं. फरक पडतो तो नंतर: पैसे कुणाकडून, किती आणि किती काळापर्यंत वसूल करता येतात, यात.

थेट चित्रकाराकडून

हयात चित्रकाराचं अलीकडचं पान हवं असेल तर फार विचार करू नका. त्याच्याकडून किंवा त्याने नेमलेल्या प्रतिनिधीकडून घ्या. मालकीची साखळी एका कडीची असते आणि ती कडी समोर बसलेली असते. शिवाय पैसा जिथे जायला हवा तिथे जातो, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या माणसाने महिन्याला वीस-बावीस पानं पाठ मोडेपर्यंत काढली, त्याला छपाईच्या मोबदल्यापलीकडे मिळणारी ही मोठी कमाई आहे.

या वाटेवर एक खाचखळगा आहे. अमेरिकी कॉमिकमध्ये पेन्सिलकाम एकाचं आणि शाईकाम दुसऱ्याचं असण्याची पद्धत जुनी आहे. अंक छापून झाला की परत आलेली पानं दोघांत वाटली जात. पेन्सिल करणाऱ्याला जास्त, शाई करणाऱ्याला कमी. म्हणजे एखाद्या पानावर प्रसिद्ध चित्रकाराचं नाव असूनही ते त्याच्या वाट्याचं नसू शकतं. हल्ली तर पेन्सिलचं पान स्कॅन होऊन जातं आणि शाई करणारा फिक्या निळ्या छपाईवर वेगळ्या कागदावर काम करतो. मग एकाच पानाची दोन मूळ रूपं तयार होतात. कुठलं घेताय ते पावतीवर लिहून घ्या.

लिलावगृह

इथे पान महाग पडतं. बोलीच्या वर खरेदीदाराचं शुल्क लागतं, साधारण वीस टक्के किंवा त्याहून जास्त. त्याबदल्यात काय मिळतं, ते नीट पाहिलं पाहिजे.

पहिली गोष्ट म्हणजे उजेड. पान कॅटलॉगमध्ये मोठ्या चित्रासह आठवडेच्या आठवडे जगासमोर राहतं. कॉमिकची दुनिया लहान आहे, आणि चित्रकार, त्यांची मुलं, जुने संपादक, हट्टी संग्राहक सगळे हे कॅटलॉग चाळतात. चोरीचं पान असेल तर कुणीतरी ओरडण्याची शक्यता इथे सर्वांत जास्त. दुसरी गोष्ट, विकायला देणाऱ्याला 'मी मालक आहे' अशी लेखी हमी द्यावी लागते आणि त्याची ओळख लिलावगृहाकडे असते. तिसरी, परतफेड करता येईल इतकी लिलावगृहाची ऐपत असते.

पण लिलावगृहात विकलं गेलं म्हणजे पान धुतलं गेलं, हा समज चुकीचा आहे. अमेरिकेत लिलावामुळे नवी मालकी जन्माला येत नाही. अटींचा कागदही शेवटपर्यंत वाचा. हमी लिलावगृह स्वतः देतं की फक्त विकणाऱ्याची हमी तुमच्यापर्यंत पोचवतं, आणि पैसे परत मागायची मुदत किती, या दोन ओळी पानाच्या वर्णनापेक्षा महत्त्वाच्या आहेत.

खासगी विक्रेता किंवा दुसरा संग्राहक

इथे भाव कमी असतो, घासाघीस होते आणि अनेकदा उत्तमोत्तम पानं लिलावापर्यंत न जाता इथेच हात बदलतात. या बाजाराला माझा विरोध नाही. कित्येक विक्रेते तीस-चाळीस वर्षं याच कामात आहेत आणि पानाचा इतिहास त्यांना तोंडपाठ असतो. पण तोंडपाठ असणं पुरेसं नाही. 'एका जुन्या संग्रहातून आलंय' या वाक्याला काडीची किंमत देऊ नका. कुणाचा संग्रह, कोणत्या वर्षी घेतला, कुणाकडून? ही तीन उत्तरं लेखी मिळत नसतील तर स्वस्ताईचं कारण तुम्हाला मिळालंच म्हणून समजा.

जुन्या पानांचा घोळ

१९६० च्या दशकातलं पान घेणार असाल तर वरची तुलना अपुरी पडते, म्हणून इथे थोडं थांबू.

त्या काळी अमेरिकी प्रकाशक मूळ पानं चित्रकारांना परत देत नसत. छपाई झाली की कागदाला मोल नव्हतं. काही पानं फाडून टाकली, काही कार्यालयात आलेल्या चाहत्यांना भेट दिली, उरलेली गोदामात पडली. १९७० च्या दशकात नील अ‍ॅडम्ससारख्या चित्रकारांनी आवाज उठवला आणि नवी पानं परत मिळू लागली. जुन्यांचा प्रश्न तसाच राहिला.

चित्रकार जॅक कर्बींचं प्रकरण या बाजारात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. १९६० च्या दशकात स्पायडरमॅनच्याच प्रकाशकासाठी, मार्व्हलसाठी, त्यांनी दहा हजारांहून अधिक पानं काढली. १९८४ मध्ये कंपनीने त्यांना फक्त ८८ पानं देऊ केली, तीही बाकी चित्रकारांना दिलेल्या एका पानाच्या पत्राऐवजी चार पानी जाचक करारावर सही करायच्या अटीवर. कर्बींनी नकार दिला. सहकारी चित्रकार आणि वाचक त्यांच्यामागे उभे राहिले, आणि १९८७ मध्ये सुमारे दोन हजार पानं परत मिळाली. बाकीची कुठे गेली? काही नष्ट झाली, काही भेट म्हणून गेली आणि काही गोदामातून चोरीला गेली. आज कर्बींची जी पानं विकली जातात त्यांतली कुठली या तीनपैकी कुठल्या वाटेने आली, हे पानाकडे नुसतं पाहून सांगता येत नाही.

यावर बाजाराचं उत्तर ठरलेलं असतं: इतकी वर्षं झाली, कुणी दावा केला नाही, सगळेच घेतात. हा युक्तिवाद मला पटत नाही. दावा करायला पान कुठे आहे हे कळावं लागतं, आणि वकिलाचे पैसे लागतात. म्हाताऱ्या चित्रकाराकडे या दोन्ही गोष्टी नसतात म्हणून त्याचं पान दुसऱ्याचं होत नाही.

याच काळातलं एक उलट उदाहरण आहे. स्पायडरमॅनची पहिली गोष्ट ज्यात आली त्या 'अमेझिंग फँटसी' १५ ची स्टीव्ह डिट्कोंनी काढलेली २४ मूळ पानं २००८ मध्ये एका व्यक्तीने नाव न सांगता लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली. लिलावात काय मिळालं असतं याचा अंदाज कुणीही करू शकतो. आता ती पानं कुणालाही जाऊन पाहता येतात.

कायद्यातली एक फट

तिन्ही वाटांची खरी तुलना या फटीत आहे. अमेरिकेत विकणाऱ्याने 'मालकी स्वच्छ आहे' अशी हमी दिली असं कायदा गृहीत धरतो. ती खोटी ठरली तर दाद मागायची मुदत साधारणपणे चार वर्षं, आणि ती मोजली जाते वस्तू ताब्यात मिळाल्यापासून. उलट न्यूयॉर्कमध्ये खऱ्या मालकाची तीन वर्षांची मुदत सुरूच होते ती त्याने वस्तू परत मागितल्यावर आणि तुम्ही नाही म्हटल्यावर. म्हणजे पंचवीस वर्षांनी तुमच्याकडून पान जाऊ शकतं, आणि तोवर विक्रेत्याकडे मागायचा तुमचा हक्क केव्हाच संपलेला असतो.

हे कागदावरचं भय नाही. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम कलासंग्रहालयातून चित्रकार मार्क शगाल यांचं एक चित्र १९६० च्या दशकात गायब झालं. संग्रहालयाने पोलिसांनाही कळवलं नव्हतं. ते चित्र १९६७ मध्ये एका दांपत्याने न्यूयॉर्कच्या गॅलरीतून सरळ व्यवहाराने विकत घेतलं. १९८६ मध्ये संग्रहालयाने ते परत मागितलं, आणि १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च पातळीवरच्या न्यायालयाने सांगितलं की संग्रहालयाने शोध घेतला नाही एवढ्या कारणावरून दावा मुदतबाह्य होत नाही. कॅलिफोर्नियात नियम वेगळा आहे. तिथे मालकाला चोरीचा माग लागला तेव्हापासून मुदत धरतात.

म्हणून लेखी हमी मागताना तिला मुदत नको, हे स्पष्ट लिहून घ्या. आणि परतफेड खरेदी-किमतीची की त्या दिवसाच्या बाजारभावाची, हेही. नुसती खरेदी-किंमत परत मिळाली तर वीस वर्षांत दहापट झालेल्या पानाच्या बाबतीत तुमच्या हाती चिल्लर येईल.

युरोपातलं पान असेल तर गणित पुन्हा बदलतं. फ्रान्समध्ये चोरी झाल्यापासून तीन वर्षांत मालकाने मागावं लागतं, इटलीत प्रामाणिक खरेदीदाराला पुष्कळ संरक्षण आहे, जर्मनीत सार्वजनिक लिलावाला सूट आहे. पण तिथे विकत घेतलेलं पान पुढे न्यूयॉर्कमध्ये विकायला नेलं तर कुठला कायदा लागू होणार, याचाच वाद उभा राहतो.

पान हातात आल्यावर

चोरीच्या बाबतीत कॉमिकच्या पानाला एक वरदान आहे: त्याचा अचूक फोटो हजारो घरांत छापील रूपात पडलेला असतो. चोर ते पान दुसरं म्हणून खपवू शकत नाही. तेव्हा छापील अंक शेजारी ठेवा आणि पान फ्रेममधून बाहेर काढायला लावा. १९६७ च्या सुमारापर्यंतची अमेरिकी पानं मोठी असत, चित्राचा भाग साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच. नंतर तो दहा बाय पंधरावर आला. समासात संपादकाच्या निळ्या पेन्सिलच्या सूचना, अंकाचं नाव, पान क्रमांक असतो. संवादफुगे चिकटवलेले असतील तर डिंक पिवळा पडलेला दिसतो. मागे कॉमिक्स कोडचा (कॉमिकचा मजकूर छपाईआधी तपासणाऱ्या अमेरिकी व्यवस्थेचा) किंवा प्रकाशकाचा शिक्का सापडतो. चारही बाजूंचे समास कापलेले असतील तर का कापले ते विचारा. फ्रेमवाल्यानेही कापले असतील, पण शिक्का घालवायची तीच सोपी रीत आहे. जुन्या लिलावांची चित्रं शोधून पाहा. तेव्हा दिसणारी खूण आज नसेल तर तिथेच थांबा.

चोरीच्या नोंदीही तपासा. लंडनच्या आर्ट लॉस रजिस्टरकडे शोध घेतल्याचं प्रमाणपत्र शुल्क भरून मिळतं. एफबीआयची आणि इंटरपोलची यादी फुकट पाहता येते. मात्र कॉमिकची पानं या याद्यांत फार कमी नोंदलेली असतात, कारण ज्यांची गेली त्यांनी ती कधी कळवलीच नाहीत. यादीत नाव नसणं म्हणजे पान स्वच्छ असणं नव्हे.

माझी निवड विचाराल तर अशी. हयात चित्रकाराचं पान चित्रकाराकडूनच. १९६० च्या दशकातलं मोठ्या रकमेचं पान लिलावातून, अटी वकिलाकडून वाचून घेऊन, आणि मालकी-हक्काचा विमा मिळत असेल तर तो घेऊन. खासगी विक्रेत्याकडून तेव्हाच, जेव्हा तो मागच्या किमान एका मालकाची पावती दाखवतो आणि मुदत नसलेल्या हमीवर सही करतो.

आणि चित्रकार किंवा त्याचं कुटुंब हयात असेल तर पैसे देण्याआधी त्यांना पानाचा पुढचा-मागचा फोटो पाठवून सरळ विचारा: हे तुम्ही विकलं होतं का, कुणाला दिलं होतं का? हे विचारायला विक्रेता नको म्हणाला तर तिथूनच परत फिरा. 'हो, मीच विकलं होतं' असं चित्रकाराचं उत्तर आलं तर ते छापून पावतीसोबत ठेवा, आणि पान पुढे विकाल तेव्हा दोन्ही कागद त्याच्यासोबत द्या.