मुंबई सुटल्यावर पुणे की बंगळुरू? पोटाच्या आणि वस्त्यांच्या बाजूने

मुंबईबाहेर नोकरी मिळाली आहे आणि पुणे की बंगळुरू हे ठरवायचं आहे, तर पगार, घरभाडं, हवा, मुलांच्या शाळा यांचा हिशोब तुम्ही आधीच मांडला असणार. त्यात मी भर घालत नाही. जे मागाहून जाणवतं त्याबद्दल लिहितो. सामान लागतं, गॅस मिळतो, शेजाऱ्यांशी ओळख होते, आणि मग एखाद्या संध्याकाळी काहीतरी नेमकं खावंसं वाटतं. ते जवळपास कुठेच मिळणार नाही हे त्या क्षणी कळतं, आणि त्या पदार्थाबरोबर ती गल्ली, ती माणसं, त्यांची भाषा, सगळंच आठवायला लागतं.

मी माटुंगा-शीव पट्ट्यात वाढलो. घराच्या एका बाजूला रामा नायक यांचं १९४२ पासूनचं उडुपी जेवण आणि मोगऱ्या-अबोलीचे गजरे विकणारी तमिळ मंडळी, दुसऱ्या बाजूला शीव कोळीवाड्यातली फाळणीनंतर आलेली पंजाबी कुटुंबं आणि त्यांची तळलेली मासळी. दादर पारशी कॉलनी चालत जाण्याच्या अंतरावर. चेंबूर कॅम्पात सिंध्यांची दाल-पकवान, वांद्र्याच्या आणि कलिन्याच्या गावठाणात ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती, घरांतून उन्हाळ्यात भाजला जाणारा बाटली मसाला, रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळची गर्दी. यासाठी आम्ही कधी ‘बेत’ आखल्याचं आठवत नाही. मशीद बंदरला काही काम निघालं की परतताना भेंडीबाजार व्हायचा. धोबीतलावला फॉर्म भरायला गेलं की कयानीत ब्रून-मस्का व्हायचा. लोकल त्या सगळ्या वस्त्यांमधून जात होती, आपण फक्त मधल्या स्टेशनावर उतरायचो.

हे उतरणं नीट लक्षात ठेवा, कारण माझा निर्णय शेवटी त्यावरच झाला.

नोकरीमुळे आधी बंगळुरूला राहिलो, नंतर पुण्याला आलो. दोन्ही शहरांवर माझा राग नाही. उलट निव्वळ खाण्याचा विचार केला तर बंगळुरू पुण्याच्या पुष्कळ पुढे आहे, आणि हे पुणेकरांनीही मान्य करावं असं मला वाटतं. बसवनगुडीत गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन १९४३ पासून तोच जाड, बाहेरून तांबूस कुरकुरीत डोसा देतंय. लालबाग रस्त्यावरचं एमटीआर १९२४ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना तेव्हा तिथे रव्याची इडली करून पाहिली गेली, असं ते सांगतात. मल्लेश्वरमचा बेण्णे डोसा, म्हणजे लोण्यातला, हा वेगळाच विषय आहे. माटुंग्याच्या माणसाला डोशाबद्दल नवं काही कळेल असं मला वाटलं नव्हतं, पण कळलं. माटुंग्याचं खाणं मुख्यतः उडुपी आणि पालघाट-तमिळ वळणाचं. जुन्या म्हैसूर भागाचं वळण निराळं आहे, चटणीपासून सांबारापर्यंत.

थंडीत अवरेकाळू येतात. आपल्या पावट्याचे भाऊबंद. व्ही. व्ही. पुरमच्या खाऊगल्लीत तेव्हा उपम्यापासून डोशापर्यंत सगळ्यात तेच दाणे असतात. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बसवनगुडीच्या नंदी देवळापाशी शेंगदाण्यांची जत्रा भरते, कडलेकाई परिषे. शेतकरी नव्या शेंगांचे ढीग लावून रस्त्यावर बसतात आणि अख्खा रस्ता शेंगांच्या वासाने भरतो. मला ही जत्रा फार आवडली. शहर एवढं वाढूनही गावाशी असलेलं हे नातं तिथे टिकून आहे.

फ्रेझर टाऊनचा मॉस्क रोड आणि शिवाजीनगरचा रसेल मार्केटचा परिसर बघितल्यावर मोहम्मद अली रोडची आठवण थोडी सौम्य होते. मॉस्क रोडवरची अल्बर्ट बेकरी १९०२ ची आहे. रमजानमध्ये तिथला खव्याचा नान मिळवायला रांग लावावी लागते, आणि लावावी. मग आहेत मिलिटरी हॉटेलं. नावात मिलिटरी, आत मटण, रागीमुद्दे (नाचणीचे उकडलेले गोळे) आणि द्रोणातली बिर्याणी. ही हॉटेलं चालवणाऱ्यांत कितीतरी मराठा घराणी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच वाढलेली. १६३८ साली बंगळुरू आदिलशाहीच्या ताब्यात आलं, पुढे शहाजीराजांची जहागीर झालं, आणि त्या काळापासून मराठी माणसाचं तिथे येणं-राहणं आहे. जेवता जेवता गल्ल्यावरच्या आजोबांनी माझं बोलणं ऐकून त्यांच्या जुन्या वळणाच्या मराठीत विचारपूस केली, तेव्हा मला खरंच भरून आलं होतं. शिवाय केरळचा पराठा, आंध्रचं तिखट जेवण, मंगळुरूची मासळी, ईशान्येकडच्या मुलांनी चालवलेल्या छोट्या खानावळी. यादी वाढवत नाही.

मग अडचण कुठे आली?

माझं ऑफिस आऊटर रिंग रोडवर होतं, म्हणून घरही बेळ्ळंदूरच्या बाजूला घेतलं. तुम्हीही बहुधा असंच कराल, कारण रोजचा प्रवास टाळायचा तर दुसरा मार्ग नसतो. आणि या पट्ट्यातून बसवनगुडी किंवा मॉस्क रोड कशाच्याच वाटेवर येत नाही. मी तिथे होतो तेव्हा त्या भागात मेट्रो नव्हती. संध्याकाळी सिल्क बोर्डच्या चौकात एकदा अडकलात की जेवणाची वेळ गाडीतच निघून जाते. त्यामुळे जुनं बंगळुरू आमच्या घरात फक्त रविवारचं झालं. सकाळी लवकर उठायचं, गाडी काढायची, पार्किंग शोधायचं, नंबर लावायचा, खायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. डोसा उत्तमच असायचा. पण एका डोशासाठी अर्धा रविवार द्यायचा म्हटलं की पुढच्या आठवड्यात घरातलं कोणीतरी ‘आज नको’ म्हणतं, आणि त्याचं चुकीचं नसतं.

यात वेळेपेक्षा मोठं काहीतरी हातचं जात होतं. महिन्यातून एखाद्या वेळी जाणाऱ्या गिऱ्हाइकाला कोणी ओळखत नाही. माटुंग्याचा भाजीवाला मला आईच्या तब्येतीबद्दल विचारायचा, केळीची पानं संपायच्या आधी दोन बाजूला काढून ठेवायचा. वस्ती म्हणजे मला हे वाटतं. मॉस्क रोडवर मी कायम पाहुणाच राहिलो. खाल्लं, फोटो काढला, निघालो. आठवडाभर ज्या बेळ्ळंदूरमध्ये राहत होतो तिथे मात्र काचेच्या इमारतींच्या तळमजल्यावर सगळ्या शहरांत सारखीच असणारी हॉटेलं होती. बंगळुरूतल्या अनेकांचा अनुभव वेगळा असेल, आणि व्हाइटफील्डपर्यंतची जांभळी मेट्रो २०२३ मध्ये पूर्ण झाल्यापासून तिकडच्या लोकांना बराच दिलासा मिळाला असावा. तरी माझ्यापुरतं हे खुपणं शेवटपर्यंत गेलं नाही.

पुण्यात मी घर वानवडीला घेतलं. ऑफिस खराडीला, त्यामुळे दुचाकीवरून परतताना थोडी वाट वाकडी केली की कॅम्प. एवढंच. या ‘थोड्या वाकड्या वाटेने’ पारडं फिरवलं.

कॅम्प मुंबईच्या मानाने लहान आहे, हे आधीच सांगतो. पण तेवढ्यात जे दाटलंय ते मनापासून बघण्यासारखं आहे. ईस्ट स्ट्रीटवर १९५५ ची कयानी बेकरी. १८७८ पासून चालत आलेलं दोराबजी, जिथे धानसाक अजून धानसाकासारखंच लागतं. डेव्हिड ससून यांनी बांधलेलं, १८६७ चं, लाल दगडविटांचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, ज्याला सगळे लाल देऊळ म्हणतात. शिवाजी मार्केटात मटण, मासळी, भाजी एका छपराखाली. तिथून क्वार्टर गेटकडे वळलं की पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं, १७९२ चं सिटी चर्च आणि त्याच्या आसपासची गोवेकर ख्रिस्ती घरं. नाताळच्या आधी या भागातून फिरलं की घराघरांतून कुलकुल, म्हणजे नाताळचा गोड फराळ, तळल्याचा वास येतो, आणि मला वांद्र्याचं रानवार आठवतं. नाना पेठेत पारशांची जुनी अग्यारी, रास्ता पेठेत दक्षिणेकडच्या मंडळींची जुनी वस्ती आणि तिथेच बेने इस्रायली या ज्यू समाजाचं सिनेगॉग. हे बेने इस्रायली घरी मराठी बोलतात. पोहे, नारळ आणि फळं घालून केलेला त्यांचा मलिदा एका शेजाऱ्यांकडे खायला मिळाला, तो कुठल्याही हॉटेलात मिळणार नाही.

रमजानमध्ये मोमीनपुरा. मोहम्मद अली रोडच्या निम्माही नसेल, पण मी तिथे इफ्तारनंतर आठवड्याच्या मधल्या दिवशी, ऑफिसातून येताना जातो. कोंढव्यात कौसरबागेकडे अरबी पद्धतीची मंदी, म्हणजे मटण-भात, देणारी हॉटेलं आहेत. पुण्यात शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांमुळे इथे इराणी, अरबी, आफ्रिकी चेहरे रोज दिसतात, आणि वानवडी-कोंढवा भागात किराणा घेताना कानावर चार भाषा पडतात. कॅम्पातला माझा मटणवाला आता मी गाडी लावताना बघूनच खिम्याची तयारी करतो. हे मला बंगळुरूत मिळालं नाही.

पुण्याची बाजूही पूर्ण भरलेली नाही. मासळी हे पहिलं दुखणं. गणेश पेठेत आणि कॅम्पात मासळी भरपूर येते, सुरमई-पापलेट ठीक असतं, पण बोंबील घाट चढून आला की माझ्या जिभेला तो वेगळा लागतो. बंगळुरूत बांगडा आणि मुडदुशी मला जास्त ताजी मिळायची, मंगळुरूकडची असावीत. बोंबलाचं नाव मात्र तिथे काढायचंच नाही. उडुपी हॉटेलं पुण्यात गल्लोगल्ली आहेत, पण माटुंगा किंवा मल्लेश्वरमची सर नाही. बोहरी जेवणाची आठवण पुण्यात भागते, पण ओळखीच्या घरी आमंत्रण असेल तर. ईस्ट इंडियन बाटली मसाला मी आजही मुंबईहून आणतो. बंगळुरूत असतो तरी तिथूनच आणला असता.

आणि सगळं पुणे म्हणजे कॅम्प नव्हे. नोकरी हिंजवडीत आणि घर वाकड-बाणेरला असेल, तर मी बेळ्ळंदूरबद्दल जे लिहिलं ते जवळजवळ तसंच तुमच्या वाट्याला येईल. कॅम्प तुमच्यासाठी रविवारचा होईल. अशा वेळी पिंपरी कॅम्पाशी ओळख करून घ्या, असं मी सुचवेन. फाळणीनंतर वसलेली सिंधी वस्ती आहे, सकाळच्या दाल-पकवानाला चेंबूर कॅम्पाची आठवण येते, आणि ती तुमच्या बाजूला आहे. मेट्रो २०२४ मध्ये पिंपरी-चिंचवडपासून स्वारगेटपर्यंत पूर्ण झाली, त्यामुळे मंडई आणि कसब्यापर्यंत गाडीशिवाय जाता येतं. तेही थोडंथोडकं नाही.

उलट बंगळुरूत तुमचं ऑफिस शहराच्या मध्यात असेल, किंवा घरून काम करायची मुभा असेल आणि जयनगर, बसवनगुडी, मल्लेश्वरम किंवा फ्रेझर टाऊनमध्ये घर परवडत असेल, तर माझं ऐकू नका. सरळ बंगळुरूला जा. सकाळी पिशवी घेऊन गांधी बाजारातून चालत जाता येत असेल तर पुण्यातलं काहीही त्याच्यापुढे ठेवायची माझी हिंमत होणार नाही. पण मुंबईहून जाणाऱ्या बहुतेकांना घर ऑफिसच्या आसपासच घ्यावं लागतं, आणि बंगळुरूतली ऑफिसं जुन्या वस्त्यांपासून लांब गेलेली आहेत. पुण्याच्या पूर्वेकडच्या भागात, म्हणजे खराडी, मगरपट्टा, कल्याणीनगर इथे काम असेल, तर वानवडी, फातिमानगर, साळुंखे विहार किंवा खुद्द कॅम्पात घर घेऊन जुनं शहर रोजच्या वाटेवर ठेवता येतं. माझं मत त्यामुळे, थोडं पण नक्की, पुण्याकडे झुकतं.

घर बघायला जाल तेव्हा रविवारी दुपारी जाऊ नका. मधल्या वारी संध्याकाळी सातला ऑफिसच्या दारातून निघा, तुम्हाला जे सर्वांत जास्त आठवणार आहे त्याच्या वस्तीतून, इराणी चहा असो, खिमा असो किंवा फिल्टर कॉफी, वाट काढत त्या घरापर्यंत जा, आणि पोचल्यावर घरच्यांना विचारा की उद्या पुन्हा याच वाटेने यायचं का.