मिरचीचं बी: लाल तोडावं की झाडावरच वाळू द्यावं?

संकरित वाणाचं बी घरी धरण्यात अर्थ नाही, हे गृहीत धरतो. प्रश्न उरतो तो ज्वाला, फुले ज्योती अशा सरळ (संकरित नसलेल्या) वाणांचा किंवा घरच्या गावरान मिरचीचा. बियाण्याला राखलेलं फळ लाल झाल्याबरोबर तोडायचं, की झाडावरच सुरकुतू द्यायचं? आमच्या खानदेशात दोन्ही चालतं आणि मी दोन्ही केलंय.

झाडावर वाळवण्यात कष्ट नाहीत, हे खरं. डिसेंबरच्या कोरड्या थंडीत फळ आपोआप सुकतं, हलवलं की आत बी वाजतं, फोडताना हाताची आगही कमी होते (ठसका लागतो, ते वेगळं). बी पूर्ण भरतं, त्याबद्दल तक्रार नाही.

माझं बिनसलं ते फळकुजीवर. परतीचा पाऊस लांबला किंवा आठवडाभर धुकं पडलं की ती येतेच. बाहेर डाग दिसला तर फळ फेकता येतं. पण वरून चांगलं लालबुंद फळ फोडावं आणि आत पांढरी बुरशी, टोकाकडचं बी तपकिरी, देठाकडचं मात्र पिवळंधमक! मग परातीत बी पसरून, चष्मा चढवून एकेक तपकिरी दाणा वेचत बसायचं. त्यात चुकून डोळ्याला हात लागला की झालंच. एवढं करूनही पिवळ्या दिसणाऱ्या दाण्यांतला एखादा रोग घेऊन वाफ्यात जातोच. मिरची जितके जास्त दिवस झाडावर राहते, तेवढी ही संधी वाढते.

लाल तोडलं की ही कटकट बरीच टळते. फुलापासून साधारण पन्नास-साठ दिवसांनी फळ पूर्ण लाल होतं, तोवर आतलं बी भरलेलं असतं. तोडून सावलीत, हवेशीर जागी आठवडाभर पसरून ठेवलं की ते आतल्या आत आणखी पक्कं होतं. हिरवट-लाल फळही असं ठेवलं की सुधारतं, पण त्याच्या नादी लागू नये. उगवण मागेपुढे होते. वाफ्यात काही रोपं चार पानांवर आणि काही अजून मान वर काढतायत, मग लावणी दोनदा.

लाल फळाचा त्रास म्हणजे बी ओलं निघतं, गाभ्याला चिकटतं आणि हात पेटतात. मोजे घालावेत. बी पातळ पसरून सावलीत किंवा कोवळ्या उन्हात वाळवावं. दुपारच्या तापल्या पत्र्यावर नको. दाणा वाकवून बघावा: वाकला तर अजून ओला, कट्‌कन मोडला तर झालं. प्रमाणित बियाण्याला साध्या पिशवीत 8 टक्के आणि हवाबंद डब्यात 6 टक्क्यांपर्यंतच ओलावा चालतो, उगवण किमान 60 टक्के लागते. घरी मोजायला यंत्र नसतं, मोडणारा दाणा हाच आपला मापदंड.

साठवणीचा ढोबळ नियम असा, की ओलावा एक टक्का घटला तर बियाचं आयुष्य दुपटीच्या घरात जातं, तापमान पाच अंशांनी उतरलं तरी तसंच. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 ला जातो, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर बरणी ठेवू नका. आतली खोली बरी, चांगलं वाळलेलं असेल तर हवाबंद बरणी फ्रिजमध्ये आणखी बरी. फक्त बाहेर काढल्यावर ती खोलीच्या हवेला आली की मगच उघडायची.

माझ्या शेतात लाल तोडलेलं बी दुसऱ्या पावसाळ्यातही वाफा भरून उगवतं. झाडावर वाळलेलं पहिल्या वर्षी बरोबरीला राहतं, पुढच्या वर्षी विरळ. तुमची जमीन हलकी, वारा मोकळा आणि धुकं कमी असेल, तर कदाचित एवढा फरक दिसणार नाही.

नंदुरबारच्या पथारीवरच्या, म्हणजे मोकळ्या जागी उन्हात वाळत घातलेल्या मिरचीतून बी काढू का, असंही विचारतात. वाण कोणता, शेजारी काय होतं, ऊन किती खाल्लं, काहीच माहीत नसतं, म्हणून मी तरी काढत नाही. आणि उगवण तपासायची तर बी काढल्या-काढल्या नको. ताजं बी काही आठवडे सुप्त असू शकतं, उगाच नापास ठरतं. मार्चमध्ये ओल्या फडक्यात शंभर दाणे ठेवून चौदा दिवसांनी मोजा, तोवर नवीन बियाणं आणायलाही वेळ उरतो.