देणगीदाराचं नाव द्यायचं, पण कशाला आणि किती वर्षं?

वाचनालयाचं सभागृह बांधायचंय, शाळेच्या चार खोल्या पडायला आल्यात किंवा धर्मादाय दवाखान्याला डायलिसिसचा कक्ष हवाय. गावातलंच एखादं घराणं पुढे येतं आणि म्हणतं, पैसे आम्ही देतो, वडिलांचं नाव द्या. मग कार्यकारी मंडळात दोन तट पडतात. एक म्हणतो, चालत आलेली लक्ष्मी परत पाठवू नका. दुसरा म्हणतो, गावाच्या वर्गणीतून उभी राहिलेली संस्था एकाच्या नावावर कशी करायची? बैठक दोन तास चालते आणि ठराव पुढच्या महिन्यावर जातो.

पहिल्या तटाचा व्यवहार बरोबर आहे आणि दुसऱ्याची तळमळही खरी आहे. पण दोघेही ‘नाव’ हा शब्द एकाच अर्थाने घेतात, म्हणून वाद सुटत नाही. नाव देण्याचे निदान चार वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा आहे. सार्वजनिक संस्थांच्या कामात बरीच वर्षं घालवल्यावर माझं मत ठाम झालंय: लहान संस्थेने सगळ्यात आधी नावाच्या निधीचा, म्हणजे मुद्दल राखून फक्त व्याज खर्चायच्या ठेवीचा, विचार करावा, मग खोलीचा, आणि अख्ख्या वास्तूचं कायमचं नाव सगळ्यात शेवटी.

पूर्ण वास्तूला कायमचं नाव

आपल्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा हाच मार्ग येतो, कारण मुंबई-पुण्याच्या अर्ध्या जुन्या संस्था याच वाटेने उभ्या राहिल्या. १८४५ मध्ये सुरू झालेलं जे. जे. रुग्णालय सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या एक लाखाच्या देणगीतून आलं. तेवढीच रक्कम सरकारने घालावी, अशी त्यांची अट होती. मुंबई विद्यापीठाच्या मनोऱ्यासाठी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि आईचं नाव मागितलं, म्हणून तो राजाबाई टॉवर. पुण्यात १९१६ साली निघालेलं न्यू पूना कॉलेज दहा वर्षांनी, जमखंडीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या देणगीनंतर, सर परशुरामभाऊ कॉलेज झालं. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव मिळालं.

कर्व्यांनी ती देणगी स्वीकारली हे फार चांगलं झालं, असंच मी म्हणेन. चार वर्षं वयाच्या, सरकारी मान्यता नसलेल्या विद्यापीठाला त्या काळात १५ लाख म्हणजे जीवदान होतं. पण त्या पैशालाही अटी होत्या आणि दात्याच्या निधनानंतर पुढे विश्वस्तांशी मतभेद झालेच. एवढ्या मोठ्या मनाच्या दात्याबाबत हे घडतं, तर आपल्या तालुक्याच्या गावी तोंडी बोलण्यावर विसंबून चालणार नाही.

कायमच्या नावाची खरी अडचण पुढच्या पिढीला कळते. नाव एकदाच देता येतं. पंचवीस वर्षांनी गच्ची गळायला लागते, वायरिंग बदलायचं असतं, लिफ्ट बसवायची असते. तेव्हा नवा देणगीदार विचारतो, माझं नाव कुठे? दर्शनी भिंत आधीच गेलेली असते. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला हे फार महागात पडलं. एव्हरी फिशर यांनी १९७३ मध्ये तिथल्या संगीत सभागृहासाठी सुमारे एक कोटी पाच लाख डॉलर दिले आणि सभागृहाला त्यांचं नाव लागलं. नूतनीकरणाला पैसे उभे करायची वेळ आली तेव्हा, २०१४ मध्ये, फिशर कुटुंबाला दीड कोटी डॉलर देऊन ते नाव सोडवून घ्यावं लागलं. पुढे डेव्हिड गेफन यांनी दहा कोटी डॉलर दिले आणि आता तिथे त्यांचं नाव आहे. मिळाले त्यापेक्षा जास्त पैसे नाव परत घ्यायला गेले.

आणखी एक गोष्ट देणगीदाराला आधीच सांगावी. लांबलचक नाव लोकांच्या तोंडी राहत नाही. एसपी, जेजे, एसएनडीटी, केईएम हेच चालतं. ‘कै. अमुक तमुक स्मृती बहुउद्देशीय सांस्कृतिक सभागृह’ या पाटीवर घराण्याचं समाधान होईल, पण रिक्षावाल्याला पत्ता सांगताना लोक ‘वाचनालयाचा हॉल’च म्हणतील.

तरीही हा मार्ग कधी धरावा? देणगी एकूण खर्चाच्या निम्म्याहून जास्त असेल, देखभालीसाठी वेगळी रक्कम मिळत असेल आणि वास्तूला आधीचं कोणाचं नाव नसेल, तर. हा माझा ठोकताळा आहे, कायदा नव्हे. पण जिथे एखाद्या स्वातंत्र्यसैनिकाचं किंवा संस्थापक शिक्षकाचं नाव आधीपासून आहे, तिथे कितीही रक्कम आली तरी ते पुसू नये. ज्यांनी आयुष्य दिलं त्यांचं नाव पैशासाठी उतरवलं, तर उद्या आयुष्य द्यायला कोण येईल?

ठराविक वर्षांसाठी नाव

हा कंपन्यांचा मार्ग आहे. मुंबईच्या भुयारी मेट्रोत ‘कोटक बीकेसी’ आणि ‘आयसीआयसीआय लोम्बार्ड सिद्धिविनायक’ अशी स्थानकं आहेत. मेट्रोला तिकिटाबाहेरचं उत्पन्न लागतं, कंपनीला जाहिरात लागते. मुदतीचा रोकडा व्यवहार आहे आणि कोणी त्याला दान म्हणत नाही, हे त्यातलं चांगलं.

यात धोका कुठला, ते पुण्याजवळच्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानावर दिसलं. २०१३ मध्ये महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने त्या स्टेडियमला सहारा उद्योगसमूहाचे प्रमुख सुब्रत रॉय सहारा यांचं नाव दिलं. समूहाशी ठरलेली रक्कम २०० कोटींहून अधिक होती आणि ती हप्त्यांनी यायची होती. हप्ते थकले आणि त्याच वर्षी असोसिएशनला ते नाव झाकावं लागलं. नाव पहिल्या दिवशी पूर्ण मिळालं आणि पैसे तुकड्यांनी यायचे होते, तिथेच गणित चुकलं. हप्त्यांचा करार असेल तर पाटी शेवटच्या हप्त्यानंतर लावावी किंवा तोवर फक्त ‘नियोजित’ म्हणावं.

सरकारी शाळांसाठी महाराष्ट्र शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना काढली. देणगीदाराने सुचवलेलं नाव शाळेच्या सध्याच्या नावासोबत मुदतीपुरतं लावता येतं. अ आणि ब वर्ग महानगरपालिकांच्या शाळांना पाच वर्षांसाठी २ कोटी, दहा वर्षांसाठी ३ कोटी. क वर्गासाठी १ आणि २ कोटी. ड वर्ग महानगरपालिका, नगरपालिका आणि ग्रामीण शाळांसाठी ५० लाख आणि १ कोटी. मदत रोख नाही, वस्तू आणि सेवांच्या रूपात. आता भागाकार करून बघा. मोठ्या शहरात पाच वर्षांचा करार वर्षाला ४० लाखांना पडतो आणि दहा वर्षांचा ३० लाखांना, म्हणजे लांब मुदतीवर सवलत. खेड्यातल्या शाळेला दोन्हीकडे वर्षाला १० लाखच.

माझं मत सांगतो. खेड्यातल्या शाळेला वर्षाला १० लाखांच्या सोयी म्हणजे नवी स्वच्छतागृहं, सौर पॅनेल, विज्ञानाची प्रयोगशाळा. हे नाकारणं सोपं नाही आणि जी शाळा व्यवस्थापन समिती होकार देईल तिला मी दोष देणार नाही. पण पाचवीतलं मूल दहावीला जाईपर्यंत शाळेचं नाव बदललेलं असावं, हे मला पटत नाही. दाखल्यावर कोणतं नाव येणार, मुदत संपल्यावर संगणक कक्षाची देखभाल कोणाकडे आणि देणगीदाराचा धंदा मुलांसमोर मिरवण्याजोगा आहे का, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरं मिळाल्याशिवाय समितीने सही करू नये.

खोल्या, कपाटं, पंखे

हा आपला सगळ्यात जुना आणि प्रामाणिक मार्ग. कुठल्याही जुन्या वाचनालयात शिरा. जिन्याशेजारी संगमरवरी फलक असतो, त्यावर रकमेच्या उतरत्या क्रमाने नावं. पुस्तकांच्या कपाटावर पत्र्याची छोटी पट्टी, ‘कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ’. छताच्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर लाल ऑइलपेंटने ‘सप्रेम भेट’ आणि खाली आडनाव. पंखा बंद असला की वाचता येतं. अनेकांना ही पद्धत ओबडधोबड वाटते. मला ती आवडते, कारण हजार रुपये देणाऱ्या शिक्षिकेचं आणि लाख देणाऱ्या व्यापाऱ्याचं नाव एकाच छताखाली येतं आणि संस्था कोणा एकाची होत नाही.

यातलं व्यवहाराचं शहाणपण असं, की वस्तूला वय असतं. पंखा मोडीत गेला की नावही जातं आणि कोणी तक्रार करत नाही. खोलीचं तसं नाही. म्हणून खोलीच्या बाबतीत ‘या वास्तूच्या आयुष्यापुरतं’ असं लिहून घ्यावं. पुनर्बांधणी झाली तर जुन्या देणगीदारांची नावं एका सामाईक फलकावर येतील, हेही सांगून टाकावं. बहुतेक कुटुंबं एवढ्याने समाधानी असतात. उणीव एकच: मोठी रक्कम या मार्गाने क्वचित येते, आणि लहान लहान तीनशे देणगीदारांमागे फिरायला दमदार कार्यवाह लागतो.

नावाचा निधी

यासाठी पुण्याचं एक उदाहरण मी प्रत्येक देणगीदाराला सांगतो. १९३० साली रावबहादूर आर. आर. काळे यांनी भारत सेवक समाजाला निधी दिला आणि त्यातून अर्थशास्त्राची संस्था उभी राहिली. संस्थेला नाव मिळालं गोपाळ कृष्ण गोखल्यांचं. काळ्यांचं नाव राहिलं ते दरवर्षीच्या काळे स्मारक व्याख्यानात. २९ जानेवारी १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संघराज्याच्या योजनेवरचं आपलं गाजलेलं भाषण याच व्याख्यानात दिलं. आजही त्या भाषणाचा उल्लेख निघाला की काळे हे नाव येतं. दाराच्या कमानीवर नाव कोरून हे मिळालं असतं का?

हिशेब असा. समजा २५ लाख आले. सगळे सिमेंटमध्ये घातले तर अर्धं सभागृह होतं, आणि त्याच्या झाडलोटीचा, विजेचा खर्च मात्र संस्थेच्या डोक्यावर बसतो. तेच बँकेत ६.५ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला १,६२,५०० रुपये. त्यातला पाव भाग महागाईसाठी मुद्दलात परत टाकला तरी सुमारे १ लाख २२ हजार हातात राहतात. तालुक्याच्या वाचनालयाला यात वर्षभराची पुस्तकखरेदी होते, किंवा एक चांगली व्याख्यानमाला, किंवा काही गरजू मुलींचं महाविद्यालयाचं शुल्क.

यातही धोका आहे आणि तो घरातलाच आहे. अडचणीच्या वर्षी मंडळ म्हणतं, एवढं मुद्दल पडून आहे, थोडं वापरू, नंतर भरू. नंतर कोणी भरत नाही. त्यामुळे हा निधी कायम निधी म्हणूनच घ्यायचा, वेगळ्या खात्यात ठेवायचा आणि वार्षिक अहवालात त्याचं मुद्दल आणि व्याज दोन ओळींत स्वतंत्र दाखवायचं.

अटींकडे कसं बघायचं

रकमेइतकंच वजन अटींना असतं. जमशेटजींच्या पत्नी आवाबाई यांनी माहीमच्या पुलासाठी दीड लाखाहून अधिक रक्कम दिली ती एका अटीवर: येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही. केईएमला जोडलेलं सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ मध्ये सुरू झालं, त्याच्या देणगीमागची अट होती की शिकवणारे पात्र भारतीय डॉक्टर असावेत. गोऱ्यांच्या राज्यात ही अट घालायला हिंमत लागत होती. या दोन्ही अटींचा फायदा दात्याला नाही, लोकांना झाला. तुमच्यासमोर आलेली प्रत्येक अट याच कसोटीवर घासून बघा. ‘मंडळात आमच्या घरचा एक माणूस कायम’, ‘प्रवेशात आमच्या ज्ञातीला प्राधान्य’, ‘संस्थेच्या नावापेक्षा आमचं नाव मोठ्या अक्षरांत’ अशा अटी असतील तर रक्कम कितीही असो, हात जोडून नमस्कार करावा.

कागदाचं

तीन गोष्टी सनदी लेखापालाशी बोलून घ्या. एक, फलकावर नुसतं नाव आणि ‘स्मरणार्थ’ असेल, धंद्याची जाहिरात नसेल, तर धर्मादाय संस्थेला मिळालेल्या अशा देणगीवर जीएसटी लागत नाही, असं ऑक्टोबर २०१९ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. दुकानाचं नाव आणि मालाचा प्रचार आला की ते प्रायोजकत्व होतं. दोन, कंपनी सीएसआरचे, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या खर्चातले, पैसे देत असेल तर आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी केलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. त्यामुळे तिला पाटीवर बोधचिन्ह मिरवू देण्याआधी हा नियम दाखवा. तीन, एखाद्या दालनाला नाव देणं वेगळं आणि न्यासाचंच नाव बदलणं वेगळं. न्यासाचं नाव बदललं तर धर्मादाय आयुक्तांकडे नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद, द्यावा लागतो.

उद्याच बैठक असेल तर ठरावात एवढं तरी लिहून घ्या: नाव नेमकं कशाला, किती वर्षं, पाटीचा आकार आणि मजकूर, रक्कम कोणत्या तारखांना, हप्ता चुकला तर काय, वास्तू पाडली तर काय, आणि देणगीदारावर गंभीर गुन्हा सिद्ध झाला तर पैसे परत न करता नाव काढण्याचा मंडळाचा अधिकार. शेवटच्या कलमावर देणगीदाराचा चेहरा थोडा पडतो. तरी ते कलम गाळू नका, आणि ठरावाची प्रत त्याच्या मुलांच्याही सहीसकट घ्या, कारण पंचवीस वर्षांनी बोलायला तेच येणार आहेत.