थायरॉईडची गाठ: मोठी म्हणून काढायची, की बघत राहायचं?

सुईच्या तपासणीत बेथेस्डा (सुईत आलेल्या पेशींच्या रिपोर्टचे १ ते ६ असे वर्ग) २ आलं, म्हणजे गाठ साधी, कॅन्सरची नाही. पण सोनोग्राफीतला आकडा ३ सेंटिमीटरच्या आसपास. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे पुष्कळ जण इथंच अडकतात, मीही अडकलो होतो. एक डॉक्टर म्हणतात काढून टाकू, दुसरे म्हणतात असू दे, वर्षानं बघू. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य असतं.

काढण्याचा मोठा फायदा म्हणजे विषय मिटतो. आख्खी गाठ पॅथॉलॉजीला जाते, सुईत आलेल्या थोड्या पेशींवर विसंबावं लागत नाही. ४ सेंटिमीटरच्या पुढे तर सुईचा साधा रिपोर्ट कितपत धरायचा यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही, तिथं ऑपरेशनचा विचार रास्तच. गिळताना अडकत असेल, आडवं झाल्यावर श्वास कोंडत असेल, तर आकडा लहान असला तरी सर्जनना भेटावं. मात्र अर्धीच ग्रंथी काढली तरी साधारण पाचांतल्या एकाला पुढं थायरॉक्सिनची गोळी लागते. आवाजाची नस ग्रंथीला लागूनच जाते. कायमची इजा क्वचितच होते हे मान्य, पण मी शाळेत शिकवतो, दिवसभर बोलणं हेच माझं काम.

बघत राहण्याच्या बाजूनं मुख्य मुद्दा असा, की आकार आणि कॅन्सर यांचं नातं आपण समजतो तितकं सरळ नाही. बहुतेक गाठी साध्याच असतात. साधारण २ सेंटिमीटरपर्यंत धोका थोडा वाढतो, त्यापुढं तो आकाराच्या प्रमाणात चढत जात नाही. मोठ्या गाठीत कॅन्सर निघालाच तर फॉलिक्युलर जातीचं प्रमाण जास्त असतं, आणि नेमकी तीच जात सुईला नीट ओळखता येत नाही. एवढी शंका उरते, ती लपवण्यात अर्थ नाही. पण खरा संशय येतो तो गाठीच्या रूपावरून: सोनोग्राफीत गडद दिसणं, वेड्यावाकड्या कडा, रुंदीपेक्षा उंची जास्त, चुन्याचे बारीक कण. म्हणून तर टायरॅड्स (सोनोग्राफीतल्या रूपावरून गाठीला दिलेला १ ते ५ असा संशयाचा दर्जा) ५ असेल तर १ सेंटिमीटरलाच सुई घालतात, ४ ला दीड आणि ३ ला अडीचपर्यंत थांबतात. स्पंजासारखी मोठी गाठ त्या १ सेंटिमीटरवालीपेक्षा कमी काळजीची असू शकते.

माझा निर्णय मात्र एका कटकटीनं केला. आपल्या सीमाभागात दुसरं मत घ्यायचं म्हणजे मिरज नाहीतर कोल्हापूर, आणि तिथं गेलं की बहुधा सोनोग्राफी नव्यानं. बेळगावात २.९ आलेली गाठ पलीकडं ३.३ झाली. घरात रडारड, पाहुण्यांचे फोन, "वाढली म्हणे, आता काढाच." नंतर पहिल्याच ठिकाणी परत मोजली, तर ३.० सुद्धा भरली नाही. मशीन वेगळं, धरणारा हात वेगळा, मानेचा कोन वेगळा, एवढ्यानं मिलिमीटर इकडचे तिकडं होतात. म्हणूनच लांबी, रुंदी, उंची यांपैकी निदान दोन मापांत किमान २० टक्के आणि २ मिलिमीटरची वाढ दिसल्याशिवाय गाठ खरंच वाढली असं धरत नाहीत. २.९ चं ३.३ हे २० टक्क्यांतही बसत नाही. जो आकडा एस.टी.नं हद्द ओलांडली की बदलतो, निव्वळ त्याच्या भरवशावर गळ्याला सुरी लावून घ्यावी, हे माझ्या मनाला पटेना.

तेव्हापासून मी सोनोग्राफी एकाच ठिकाणी, शक्यतो त्याच डॉक्टरांकडून करून घेतो, आणि जुना रिपोर्ट आधी त्यांच्या हातात देतो. दुसरं मत घ्यायला आजही जाईन, पण ते रिपोर्टवर आणि सुईच्या स्लाइडवर घेईन. वर्षाची तारीख जवळ आली की जीव थोडा वरखाली होतो, हा या रस्त्याचा खरा त्रास. ज्यांना तो सोसवत नाही, किंवा ज्यांना दरवर्षी तपासणीला जाणं जमणार नाही, त्यांनी ऑपरेशन निवडलं तर मी त्यांना चुकीचं म्हणणार नाही.

बाकी बेथेस्डा २ असेल, रूप साधं असेल, त्रास काही नसेल आणि गाठ ४ च्या आत असेल, तर माझा कल थांबण्याकडं आहे. बेथेस्डा ३ किंवा ४ (नक्की सांगता येत नाही असं) आलं तर हा हिशेब लागू नाही, आणि ५ किंवा ६ (कॅन्सरचा दाट संशय किंवा कॅन्सरच) आलं तर सेंटिमीटर मोजत न बसता आधी सर्जन गाठा.