स्क्रीनवर बटणं दोनच: ओझर–हैदराबाद विमानप्रवासाचा आठ महिन्यांचा अनुभव

अण्णांच्या उजव्या डोळ्यात कॉर्नियाचं प्रत्यारोपण झालं ते हैदराबादला. त्यानंतर तपासणीसाठी सारखं जाणं आलं. अण्णांचं वय ७४, गुडघे दुखतात, रात्रभर रेल्वेत बसवायला नको म्हणून आमच्या नाशिकच्या ओझर विमानतळावरून विमानानंच जायचं ठरवलं. आठ महिन्यांत सात वेळा जाऊन आलो, तिकिटं सगळी एकाच कंपनीची. येऊन-जाऊन चौदा फ्लाइट झाल्या आणि त्यातल्या तीन रद्द.

चांगलं आधी सांगतो. ओझरचं टर्मिनल छोटं आणि सुटसुटीत आहे. सिडकोतून निघालो की द्वारका, आडगाव नाका, दहावा मैल करत पाऊण तासात दारात. व्हीलचेअर ढकलणारा मुलगा दुसऱ्याच फेरीपासून अण्णांना ओळखायला लागला. "आजोबा, थेंब घातले का?" म्हणून आपणहून विचारायचा. विमानातली माणसंही अदबीनं वागली. माझा राग यांच्यापैकी कोणावरही नाही.

चौथ्या फेरीच्या आदल्या रात्री ११.४० ला मेसेज आला: उद्याची फ्लाइट 'ऑपरेशनल कारणामुळे' रद्द. खाली एक लिंक, त्यात दोन बटणं. एक पर्यायी फ्लाइट स्वीकारण्याचं, दुसरं रिफंडचं. पर्यायी फ्लाइट होती सकाळी सव्वासहाची, मुंबईहून! म्हणजे एकशे सत्तरेक किलोमीटर, मध्ये कसारा घाट, भर पावसाळा. दुपारी दोनला डॉक्टरांची वेळ होती, टाके काढायचे होते आणि ती वेळ चुकली असती तर पुढची तीन आठवड्यांनी. मी विचार करत बसलो नाही, स्वीकारलं. शेजारच्या गल्लीतल्या ड्रायव्हरकाकांना झोपेतून उठवलं, साडेबाराला गाडी काढली. टॅक्सीचे ४,८०० रुपये गेले. पैसे देऊन पुढची सीट घेतली होती, त्याऐवजी अण्णा बाविसाव्या रांगेत आणि मी चोविसाव्या. डोळ्यावर पट्टी असलेला माणूस अनोळखी लोकांमध्ये एकटा बसला होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

घरी आल्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीसीएचे नियम वाचायला घेतले. रद्द झाल्याचं किमान २४ तास आधी कळवलं नसेल, तर कंपनीनं प्रवाशाला मान्य होईल अशी पर्यायी फ्लाइट द्यायची, नाहीतर पूर्ण रिफंड आणि त्यावर भरपाई. एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ही भरपाई ७,५०० रुपये, किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते. हवामान, हवाई वाहतूक नियंत्रण, सुरक्षेचा धोका, दंगल, नैसर्गिक आपत्ती अशा कारणांसाठी कंपनीला भरपाईतून सूट आहे. 'ऑपरेशनल' हा शब्द मला त्या यादीत कुठे सापडला नाही.

माझी अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी निघाली. कस्टमर केअरला चार वेळा फोन केले. चौथ्या वेळी एका मुलीनं खरं ते सांगितलं, "सर, माझ्या सिस्टीममध्ये पॅसेंजरनं पर्याय स्वीकारला असं दिसतंय. त्याच्या पुढे मला काही उघडतच नाही." वरिष्ठांशी बोलू द्या म्हटलं, तर म्हणाली, "त्यांच्याकडेही हीच स्क्रीन आहे." म्हणजे मध्यरात्री, म्हातारा बाप शेजारी असताना दाबलेलं बटण ही माझी 'मान्यता' ठरली आणि विषय तिथेच मिटला. नियमात भरपाईचा रस्ता आहे, पण लिंकमध्ये त्याचं बटणच नाही. हे चुकून राहिलंय असं मला वाटत नाही. कोणीतरी विचार करून ती स्क्रीन बनवली आहे.

आणि याचा फटका ओझरच्या प्रवाशाला जास्त बसतो. मुंबईत एक विमान रद्द झालं तर काही तासांत दुसरं मिळतं. आम्हाला दिवसाला एकच, गेलं की उद्या. 'पर्यायी फ्लाइट दुसऱ्या विमानतळावरून' असं धोरण लिहिणाऱ्यानं त्या विमानतळापर्यंतचा रस्ता कोणाच्या खर्चानं, याचा विचार केलेला नाही.

सहाव्या फेरीत परतीची फ्लाइट रद्द झाली, तेव्हा शहाणा होऊन रिफंड मागितला. तिकिटं कॉलेज रोडच्या एजंटकडून काढली होती. पैसे खात्यात यायचे ते कंपनीच्याच 'क्रेडिट शेल'मध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच राहणाऱ्या जमेत, जाऊन पडले, वर्षाच्या आत वापरा म्हणून. क्रेडिट शेल घ्यायचं की नाही हे प्रवाशानं ठरवायचं, कंपनीनं परस्पर नाही, असा नियम आहे. कंपनी म्हणे एजंटला विचारा. एजंटनं मला समोर बसवून त्याचं पोर्टल उघडून दाखवलं, रक्कम त्याच्याकडे आलेलीच नव्हती. एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी, त्यामुळे रिफंडची जबाबदारी कंपनीची आणि मुदत ३० कामकाजाचे दिवस, हेही त्या वेळच्या नियमात स्पष्ट होतं. रिफंड विभागाला फोन नंबर नाही, फक्त ईमेल. उत्तरात तक्रार क्रमांक येतो आणि तीन दिवसांनी 'तक्रार निकाली काढली' असा दुसरा मेल. अशा पाच तक्रारी माझ्या निकाली निघाल्या, एक रुपया न येता.

शेवटी विमानप्रवाशांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाकली आणि कंपनीच्या नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, वेगळा मेल केला. मेसेजचा स्क्रीनशॉट, बुकिंगची पावती, नियमातला परिच्छेद, सगळं जोडलं. रिफंड ७१ व्या दिवशी आला. सीटचे पैसे त्यानंतर पुन्हा मागावे लागले. टॅक्सीचे पैसे आणि भरपाई यावर उत्तर तेच, 'पर्याय स्वीकारला होता.'

तिसऱ्यांदा फ्लाइट रद्द झाली तेव्हा मी कोणतंही बटण दाबण्याआधी स्क्रीनशॉट घेतला आणि लगेच मेल लिहिला: मुंबईची फ्लाइट मला मान्य नाही, नाशिकहून तिथवर गाडी देणार असाल तरच घेतो. त्या मेलला अजून उत्तर नाही, पण निदान माझं म्हणणं वेळेसकट लेखी आहे.

आता जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे मी राहतो तिथे, म्हणजे नाशिकमध्येच, तक्रार करता येते. मुंबई-दिल्लीला जावं लागत नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. कागद लावून झाले आहेत, या आठवड्यात दाखल करतोय.

कंपनीला पाचपैकी दोन तारे, तेही विमानतळावरच्या माणसांसाठी. पुढच्या तपासणीला नाशिक रोडहून देवगिरी एक्स्प्रेसनं जातोय. अण्णांना खालचा बर्थ मिळालाय.