पुडीत काय होतं

माझ्या धाकटीला डोळ्यांचा आजार आहे, हे तिच्याकडे बघून आजही कुणाला कळणार नाही. डोळा लाल होत नाही, पाणी येत नाही, दुखत नाही, ती चोळतसुद्धा नाही. आम्हाला फसवणाऱ्या माणसाने नेमका ह्याचाच फायदा घेतला, म्हणून आधी आजाराबद्दल सांगते.

ती चार वर्षांची असताना दिवाळीच्या सुट्टीत तिचा डावा गुडघा सुजला. खेळताना पडली असेल म्हणून आम्ही दोन महिने लेप लावत बसलो. पुढे पुण्याला दाखवल्यावर निदान झालं, लहान मुलांचा संधिवात, म्हणजे जेआयए. रक्तात एएनए (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्धची प्रतिद्रव्यं) पॉझिटिव्ह आलं आणि सांध्यांच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी डोळे तपासायला पाठवलं. मला वाटलं, उगाच खर्च. गुडघ्याचा डोळ्याशी काय संबंध?

डोळ्यांच्या मॅडमनी तिला स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे उजेडाची बारीक फट टाकून डोळ्याच्या आत बघणाऱ्या सूक्ष्मदर्शकासमोर, बसवलं आणि गप्प झाल्या. मग मला म्हणाल्या, "घरात उन्हाचा कवडसा येतो ना, त्यात धूळ तरंगताना दिसते. तसं हिच्या डोळ्याच्या आतल्या पाण्यात सुजेच्या पेशी तरंगताना दिसतायत. साध्या उजेडात कुणालाच दिसणार नाहीत." उजव्या डोळ्यात बाहुलीची कड आतल्या भिंगाला दोन जागी चिकटली होती. आजाराचं नाव युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतली सूज. जेआयए असलेल्या, विशेषतः एएनए पॉझिटिव्ह असलेल्या लहान मुलींमध्ये तो असाच गुपचूप येतो, म्हणून काही तक्रार नसली तरी दर तीन महिन्यांनी स्लिट लॅम्पची तपासणी करावीच लागते. ज्यांच्या मुलांना जेआयए आहे त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढं मात्र वाचावं.

मग थेंब सुरू झाले. स्टेरॉइडचे थेंब, बाटली हलवून, सुरुवातीला दर तासाला. बाहुली मोठी ठेवणारे वेगळे. प्रतिकारशक्ती आवरणारी मेथोट्रेक्सेटची गोळी, आठवड्यातून एकदाच, रविवारी. ती पिवळी गोळी दिसली की पोर उलटी करायची, पुढे पुढे तर रविवारची सकाळ झाली तरी. दर काही आठवड्यांनी रक्त काढायचं, यकृत तपासायचं. असं दीड-दोन वर्षं चाललं. थेंब कमी केले की पेशी परत यायच्या. शेवटी मॅडम म्हणाल्या की आता अ‍ॅडालिमुमॅबचं, म्हणजे सूज वाढवणारा शरीरातला घटक अडवणारं, इंजेक्शन सुरू करू, दर दोन आठवड्यांनी एक. आधी टीबीची तपासणी करावी लागेल. त्यांनी २०१७ साली आलेल्या ब्रिटनमधल्या अभ्यासाबद्दल नीट समजावून सांगितलं. मेथोट्रेक्सेटसोबत हे इंजेक्शन घेणाऱ्या ६० मुलांपैकी १६ जणांत उपचार अपयशी ठरले, आणि खोटं इंजेक्शन दिलेल्या ३० पैकी १८ जणांत. आज हे आकडे मला पाठ आहेत. त्या दिवशी मात्र माझ्या कानांत दोनच शब्द शिरले, 'इंजेक्शन' आणि 'कायम'. खरं म्हणजे 'कायम' हा शब्द त्या बोलल्याच नव्हत्या.

बाहेर बाकावर मी रडत होते. शेजारी एक बाई होती, माझ्याच वयाची, मांडीवर तसलीच फाईल. "ताई, स्टेरॉइड चालू आहे का? माझ्या पोराला पण हेच होतं." तिने मोबाईलवर मुलाचे रिपोर्ट दाखवले. एक बाहेरचे वैद्य आहेत म्हणाली, जाहिरात करत नाहीत, ओळखीशिवाय बघत नाहीत. जाताना पाठीवरून हात फिरवला. त्या हाताची मला आजही चीड येते. पुढे मला आणखी दोन आया भेटल्या, त्यांनाही अशीच बाई भेटली होती, अशीच फाईल मांडीवर घेऊन.

पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट, दारावर पाटी नाही. वैद्य म्हणवणाऱ्या माणसाने नाडी बघितली, आमची फाईल उघडलीसुद्धा नाही. एकवीस दिवसांच्या पुड्या, सकाळ-संध्याकाळ मधातून, ६,८०० रुपये. सोबत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बाटलीतले थेंब ९०० रुपयांना. पहिल्या भेटीचे ५०० वेगळे. सगळं रोख, बिल नाही. कागदाच्या घडीवर ना नाव, ना लायसन्स नंबर, ना तारीख.

आणि तीन अटी. इंग्रजी औषधं त्याच दिवशी बंद. तीन महिने रक्त तपासायचं नाही. तीन महिने डोळ्यांच्या दवाखान्यात पाऊल ठेवायचं नाही, कारण "मशीनचा प्रखर उजेड पडला की औषध मरतं." तिसऱ्या अटीवर माझे मिस्टर थोडे थबकले होते. मीच म्हटलं, एवढं केलंय तर हेही करून बघू.

पाचव्या दिवशी गुडघ्याची सूज उतरली. आठवड्याभरात ती अंगणात पळायला लागली. सकाळी सांधे आखडायचे ते थांबलं. उलट्या थांबल्या आणि भूक अशी लागली की तीन-तीन पोळ्या खाऊन उठायची. आम्ही दोघं रात्री तिच्या उशाशी बसून रडलो, आनंदाने. गाल भरले, चेहरा गोल झाला. सासूबाई दर शनिवारी मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या, पोर बाळसं धरतेय म्हणून. चिडचिड वाढली होती, रात्री झोपायची नाही, पाठीवर बारीक लव आली होती. आम्ही म्हटलं, अंगात ताकद आली की पोरं अशीच हट्टी होतात.

चौथा संच चालू असताना शाळेतल्या बाईंनी वहीत चिठ्ठी पाठवली की फळ्यावरचं उतरवताना ती उठून जवळ जाते. तरी मी चार दिवस काढले. अट मोडेल ना.

मग एका सकाळी गाडी काढली आणि पुणे गाठलं. मॅडमनी तपासलं. पेशी पूर्वीपेक्षा कमी होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं, परत मोजलं. उजवा ३८, डावा ३२. साधारण २१ च्या आत असावं लागतं. दोन्ही भिंगांच्या मागच्या बाजूला मोतीबिंदूची सुरुवात. उजव्या डोळ्याच्या नसेवर दाबाचा परिणाम दिसायला लागलेला.

"घरी काय देताय?"

"काही नाही," मी म्हणाले. हो, मी खोटं बोलले. त्यांनी लेकीचा गाल हलकेच दाबून बघितला, मानेमागे बोट लावलं, पाठ बघितली. "ताई, मी रागावणार नाही. पण मला कळलं नाही तर मी हिला चुकीचं औषध देईन."

मी पर्समधून पुड्या काढल्या. नऊ उरल्या होत्या.

त्यातल्या काही आम्ही औषधं तपासणाऱ्या खाजगी प्रयोगशाळेत दिल्या. रिपोर्टमध्ये डेक्सामेथासोन निघालं. तेही स्टेरॉइडच, आणि प्रेडनिसोलोन ह्या नेहमीच्या स्टेरॉइडपेक्षा कितीतरी जोरकस. ज्या औषधांपासून मी पळाले, त्यांतलंच स्टेरॉइड मी अकरा आठवडे माझ्या हाताने मधात कालवून तिला चाटवत होते. मॅडम थेंबाथेंबाचा हिशोब ठेवायच्या, कमी करत आणायच्या, प्रेशर मोजायच्या. इथे मात्रा किती, हे त्या माणसालाही ठाऊक नसणार. गुडघा उतरला तो त्यामुळेच, आणि भूक, गोल चेहरा, लव, प्रेशर हेही त्यामुळेच. दवाखान्यात का जायचं नाही, रक्त का तपासायचं नाही, ते तेव्हा उमगलं. थेंब संपले होते, त्यांत काय होतं ते मी शपथेवर सांगू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मी रागाने त्याच क्षणी पुड्या बंद करणार होते. मॅडमनी थांबवलं. बाहेरून एवढे दिवस स्टेरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. एकदम तोडलं तर मूल गळून पडू शकतं, उलट्या, रक्तदाब खाली, जिवावर बेतू शकतं. सकाळी आठ वाजता रक्तातलं कॉर्टिसोल, म्हणजे शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड, तपासलं, ते अगदी कमी आलं. मग मोजून मापून गोळी दिली आणि ती उतरवत आणायला काही महिने गेले. कुणाच्या घरात अशी पुडी चालू असेल आणि हे वाचून धक्का बसला असेल, तर ती फेकू नका. पुडी घेऊन थेट डॉक्टरकडे जा, आणि खरं सांगा.

आमच्या गल्लीत एक वैद्यकाका आहेत, चाळीस वर्षं आयुर्वेदाची प्रॅक्टिस. त्यांना पुडी दाखवली तेव्हा त्यांचे हात थरथरले. म्हणाले, "औषध कुणी बनवलं ते लिहिलं नसेल तर ते मी गाईलाही देणार नाही." ह्या प्रकाराने त्यांच्या शास्त्राचंही वाटोळं होतं, हे मला त्यांच्याकडे बघून कळलं.

तक्रार केली. अन्न व औषध प्रशासनात अर्ज दिला, पोलिसांत दिला. फ्लॅट तोवर रिकामा झाला होता, फोन बंद. आमच्याकडे बिल नाही, वेष्टन नाही. एक पान लिहून द्यायलाही पुरावा अपुरा पडत होता. अंधत्व, मोतीबिंदू, काचबिंदू, संधिवात बरे करण्याच्या औषधांची जाहिरात करायला १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, पण बाकावर बसून कानात सांगितलेल्या गोष्टीला जाहिरात ठरवायचं कसं? एक गोष्ट मात्र उशिरा कळली. १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ नुसार विकत घेतलेलं औषध ठराविक शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेता येतं. आम्ही ते पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. एकूण ३१,३०० रुपये गेले. त्यांचं मला काही वाटत नाही.

लेक आता नऊ वर्षांची आहे. अ‍ॅडालिमुमॅब चालू आहे, मेथोट्रेक्सेटही. इंजेक्शन फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवावं लागतं. ते टोचायला मी स्वतः शिकले. पेशी बरेच महिने शून्य आहेत. उजव्या डोळ्याच्या नसेचं जे गेलं ते गेलं, प्रेशरचे थेंब रात्री द्यावेच लागतात.

पुड्या चालू असताना, आनंदाच्या भरात, मी आणखी एका आईला त्या माणसाचा नंबर दिला होता. तिचा मुलगा सात वर्षांचा. रिपोर्ट हातात आल्यावर पहिला फोन तिलाच करायला हवा होता, मी संध्याकाळपर्यंत टाळला. सगळं सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, शिव्या देईल. तिने एवढंच विचारलं, "ताई, दुसरा संच चालू आहे. म्हणजे आजची संध्याकाळची देऊ की नको?"

मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, तुझ्या डॉक्टरांना आत्ता दुसऱ्या फोनवरून विचार, मी लाईनवर आहे. पलीकडून तिचा आवाज ऐकू येत होता, ती डॉक्टरांना पुडीबद्दल सांगत होती, सुरुवातीपासून. मग परत माझ्याशी बोलली. "आत्ता लगेच घेऊन या म्हणाले, पुड्यांसकट." आणि फोन ठेवला.